कॅशे साफ करणारं टूल एआय एजंटला देताना सोबत काय लिहावं

गूगलनं नोव्हेंबर २०२५मध्ये ‘अँटिग्रॅव्हिटी’ हे कोडिंगचं सॉफ्टवेअर आणलं. त्यातला एआय एजंट स्वतःच कमांड चालवतो. काही आठवड्यांतच एका वापरकर्त्यानं आपला अनुभव जाहीर केला. एजंटला प्रोजेक्टचा कॅशे, म्हणजे पुन्हा लागतील म्हणून साठवलेल्या फाइली, साफ करायचा होता. त्यासाठी त्यानं विंडोजची फोल्डर उडवणारी कमांड चालवली आणि ती प्रोजेक्टच्या फोल्डरऐवजी थेट डी ड्राइव्हच्या मुळावर चालली. ‘काही विचारू नकोस’ असा फ्लॅगही, म्हणजे कमांडला जोडलेली सूचनाही, सोबत होता, त्यामुळे मध्ये कुणी अडवलं नाही. या कमांडनं उडवलेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही. एजंटनं नंतर लॉग वाचले, चूक कबूल केली, भरपूर माफी मागितली. ड्राइव्ह रिकामा तो रिकामाच राहिला.

‘एआय मूर्ख आहे’ म्हणून हा किस्सा बाजूला टाकता येतो, पण मग त्यातून हाती काहीच लागत नाही. मला त्यात टूलचा प्रश्न दिसतो. काम होतं एक छोटं फोल्डर पुसण्याचं आणि हाती होतं टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, ज्यातून काहीही पुसता येतं. एजंटला असं खुलं टर्मिनल देण्यापेक्षा ‘हा कॅशे, एवढाच, असा पुसायचा’ असं नेमकं टूल द्यावं, हे आता बऱ्याच टीमना पटलंय. टूल लिहिणं सोपं आहे, दहा-वीस ओळींचं काम. त्यासोबत जायचं वर्णन लिहिणं मात्र तितकं सोपं नाही, कारण ते वाचणारा माणूस नसतो.

कॅशेमध्ये सगळंच टाकाऊ नसतं

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये एखाद्या ॲपच्या स्टोरेजमध्ये जा. दोन बटणं शेजारी शेजारी दिसतात, एक कॅशे साफ करायचं आणि दुसरं स्टोरेज साफ करायचं. पहिलं दाबलं तर ॲप थोडा वेळ रेंगाळतं, चित्रं पुन्हा डाउनलोड होतात आणि विषय संपतो. दुसरं दाबलं तर लॉगिन जातं, सेटिंग जातात, न पाठवलेले मसुदे जातात. फोनवर निदान कोणती वस्तू कुठल्या बटणाखाली येते याची वाटणी कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते. सर्व्हरवर आणि डेव्हलपरच्या लॅपटॉपवर ही वाटणी अनेकदा कुणीच केलेली नसते.

व्याख्या सरळ आहे. मेहनतीनं मिळवलेलं उत्तर पुन्हा लागेल म्हणून हाताशी ठेवलं, की तो कॅशे. मूळ माहिती दुसरीकडे सुरक्षित असते, म्हणून कॅशे पुसला तर फक्त वेळ जातो. व्यवहारात यातलं ‘मूळ दुसरीकडे सुरक्षित’ हेच लंगडं पडतं. रेडिस घ्या, माहिती मेमरीत ठेवून झटपट देणारा डेटाबेस. बहुतेक टीम ते कॅशेसाठी म्हणून बसवतात. मग कुणीतरी त्यातच लॉगिनची सेशन ठेवतं, नंतर ईमेल पाठवायच्या कामांची रांगही तिथेच येते. एका डेटाबेस क्रमांकात तिन्ही गोष्टी नांदायला लागतात. अशा रेडिसवर ‘फ्लशऑल’ ही सगळं पुसणारी कमांड चालवणं म्हणजे दही संपलं म्हणून पातेलं घासून टाकण्यासारखं आहे. तळाशी जे उरलं होतं ते खरकटं नव्हतं, उद्याचं विरजण होतं. सगळे ग्राहक एकदम लॉगआउट होतात. रांगेतले ईमेल तर परत येतच नाहीत, कारण त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

वेबसाइट बनवायच्या लाराव्हेल फ्रेमवर्कच्या अधिकृत दस्तऐवजात याच धर्तीची एक सूचना आहे. कॅशे फ्लश करताना तुम्ही ठरवलेला प्रीफिक्स (नोंदींच्या नावाआधी लावलेली ओळखखूण) पाळला जात नाही, त्या कॅशेमधल्या सगळ्या नोंदी जातात, म्हणून तो दुसऱ्या ॲप्लिकेशनसोबत वाटून वापरत असाल तर विचार करून करा, असं तिथे लिहिलंय. माणूस हे एकदा वाचतो किंवा एकदा पोळून शिकतो. ती सूचना ज्या पानावर आहे ते पान एजंटनं उघडलेलंच नसतं.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण म्हणजे लिनक्समधलं होम फोल्डरातलं ‘डॉट कॅशे’. ‘अत्यावश्यक नसलेला डेटा’ इथे ठेवावा असा संकेत आहे. खुली एआय मॉडेल पुरवणाऱ्या हगिंग फेसची लायब्ररी उतरवलेली एआय मॉडेल मुळात इथेच ठेवते आणि त्यांतली काही दहा-वीस जीबीची असतात. नियमानं बघितलं तर तोही कॅशेच, पुसला तर पुन्हा उतरवता येतो. मोबाइल हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला मात्र हा नियम ऐकवू नये.

एजंटसमोर नेमकं काय येतं

अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर २०२४मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ खुला केला. एमसीपी म्हणतात तो हाच. एजंटला टूल जोडायची ही आता सर्रास वापरली जाणारी पद्धत आहे. या पद्धतीत प्रत्येक टूलबद्दल मॉडेलला मुख्यतः तीन गोष्टी मिळतात: टूलचं नाव, साध्या भाषेतलं वर्णन आणि इनपुटचा साचा, म्हणजे कोणते पॅरामीटर, कोणत्या प्रकारचे, कोणते सक्तीचे. मॉडेल हे सगळं वाचतं आणि वाटलं तर ‘हे टूल या इनपुटनं चालवा’ असं लिहून देतं. प्रत्यक्षात ते चालवतो बाहेरचा प्रोग्रॅम. जो निकाल येतो तो पुन्हा मजकूर म्हणून मॉडेलसमोर ठेवला जातो. मॉडेल तो वाचून पुढचं पाऊल ठरवतं आणि चक्र चालू राहतं.

टूलचा सोर्स कोड एजंटला दिसत नाही. तुमच्या विकीवरचं पान दिसत नाही. गेल्या महिन्यात कॅशे उडवल्यावर साइट पाऊण तास झोपली होती हे टीममधल्या सगळ्यांना माहीत असतं, त्याला नसतं. नव्यानं रुजू झालेला मुलगा निदान शेजारच्याला विचारतो, ‘हे चालवू का?’ एजंटला शेजार नाही. वर्णनात जे लिहिलंय तेवढंच त्याचं जग, आणि प्रत्येक नव्या सेशनमध्ये ते जग तो पहिल्यापासून वाचतो.

त्यात एक सवयीची भर असते. ही मॉडेल ज्या मजकुरावर शिकली त्यात प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांचा मोठा साठा आहे, आणि त्यात ‘कॅशे क्लिअर करून बघा’ हे उत्तर किती वेळा आलं असेल ते सांगायला नको. टेस्ट फेल झाली, पॅकेज सापडत नाही, पान जुनं दिसतंय, काहीही असो, कॅशे पुसण्याकडे एजंटचा हात आपसूक जातो. आपलाही जातो म्हणा. फरक एवढाच की आपण दोनदा करून कंटाळतो आणि तो कंटाळत नाही.

म्हणून माझं मत असं, की या टूलच्या वर्णनात ‘हे काय करतं’ याला सगळ्यात कमी जागा द्यावी. ते नावातच कळतं. ‘हे कधी करू नये’ आणि ‘केल्यावर काय परत येत नाही’ याला जास्त द्यावी.

‘कॅशे साफ करतं’

बहुतेक ठिकाणी वर्णन म्हणून एवढीच ओळ सापडते. नाव ‘क्लिअर_कॅशे’, वर्णन ‘कॅशे साफ करतं’, पॅरामीटर एकच, ‘पाथ’ (फाइलीचा किंवा फोल्डरचा पत्ता), आणि त्याचा प्रकार मोकळा मजकूर. यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि तरी तो काही सांगत नाही. कोणता कॅशे? ब्राउझरचा, सीडीएनचा (साइटच्या प्रती जगभरच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा), रेडिसचा, बिल्डचा (कोडपासून चालवण्याजोगा प्रोग्रॅम तयार करणं), की पॅकेज मॅनेजरचा? पुसल्यावर काय हळू होईल, किती वेळ? पाथ म्हणून काय चालेल? मुळाचा स्लॅश, म्हणजे अख्खी डिस्क, चालेल का? चालत असेल, तर कधी ना कधी तो येईलच.

सुरुवात नावापासून करावी. ‘क्लिअर_कॅशे’ऐवजी ‘फ्रंटएंड_बिल्ड_कॅशे_साफ’. लांब आहे, पण मॉडेल ते टाइप करून दमत नाही. एका टीमकडे चार तऱ्हेचे कॅशे असतील तर चार टूल असावीत की एकाच टूलमध्ये पर्याय द्यावेत, यावर मतं आहेत. मला जोखमीप्रमाणे तोडणं बरं वाटतं. निर्धास्त पुसता येतील असे कॅशे एका टूलमध्ये, आणि ज्यानं चालू साइटवर ताण येतो ते दुसऱ्यात. मग दुसऱ्यावर वेगळी परवानगी लावता येते.

पॅरामीटरमध्ये मोकळा पाथ देऊच नये. ठरावीक पर्यायांची यादी द्यावी: ‘बिल्ड’, ‘इमेज’, ‘टेम्प्लेट’. एजंटनं पर्याय निवडायचा आणि त्या पर्यायाचा खरा पाथ कोडनं ठरवायचा. यादीत ‘सगळं’ हा पर्याय घालायचा मोह होतो. तो टाळावा. कोणता कॅशे बिघडलाय हे नक्की नसेल, आणि एजंटला ते बहुधा नक्की नसतंच, तेव्हा ‘सगळं’ हे प्रत्येक शंकेचं सोयीचं उत्तर होऊन बसतं. क्लाउडफ्लेअरसारख्या सीडीएनवरही एखादा पत्ता, टॅग किंवा होस्ट निवडून पर्ज करता येतं, म्हणजे कॅशे पुसता येतो, आणि एका झटक्यात सगळंही करता येतं. सगळं केलं की कॅशे पुन्हा भरेपर्यंत विनंत्या तुमच्या मूळ सर्व्हरवर येऊन धडकतात.

मग ‘कधी करू नये’. याचे दोन चांगले नमुने जुन्या टूलांमध्येच आहेत, एजंटचा जमाना यायच्या आधीचे. लिनक्स कर्नलमध्ये ‘ड्रॉप कॅशेस’ नावाची सोय आहे, मेमरीतला फाइलींचा कॅशे सोडून द्यायची. तिचं अधिकृत वर्णन स्वच्छ बजावतं, की कॅशेची वाढ आटोक्यात ठेवायचं हे साधन नव्हे, मेमरी लागली की कर्नल ती आपणहून मोकळी करतो, आणि टेस्टिंग किंवा डीबगिंग सोडून इतरत्र हे वापरू नये. स्वतःच्याच सोयीबद्दल ‘तुम्हाला हिची गरज नाही’ असं लिहायला धैर्य लागतं.

दुसरा नमुना जावास्क्रिप्टची पॅकेज आणणाऱ्या एनपीएमचा. पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७पासून, त्याची कॅशे पुसायची कमांड नुसती चालवली तर नकार देते. कॅशेमधलं पॅकेज बिघडलेलं निघालं तर एनपीएमच ते बाद धरून नव्यानं आणतं, खात्री करायची असेल तर ‘व्हेरिफाय’ चालवा, असं ती समजावते. इथपर्यंत उत्तम. पण त्याच संदेशात पुढे म्हटलंय, की तरीही पुसायचंच असेल तर ‘फोर्स’ लावून पुन्हा चालवा. माणूस हे वाचून जरा थबकतो. एजंटला त्यात पुढची पायरी दिसते आणि तो फोर्स लावून मोकळा होतो. नकाराचं कारण त्यानं वाचलेलं असतं, पण संदेशाच्या शेवटी जो मार्ग दाखवलाय तो त्याला जास्त पटतो.

एजंटसाठी लिहिताना हे सतत लक्षात ठेवावं लागतं. त्याच्या दृष्टीनं एरर मेसेज हेही दस्तऐवजच असतं, किंबहुना सगळ्यात ताजं, कारण ते नुकतंच समोर आलेलं असतं. म्हणून नकार देताना ‘जबरदस्ती कशी करावी’ हे छापू नये. ‘हा कॅशे तुम्हाला पुसता येणार नाही. बिल्डचा लॉग वाचा. तरी गरज वाटली तर वापरणाऱ्या व्यक्तीला कारण सांगून विचारा’ एवढं पुरतं.

आधी दाखव, मग पुस

कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटमध्ये अनोळखी फाइली झाडून काढणारी ‘क्लीन’ कमांड आहे. ती मुळात फोर्सशिवाय चालायला तयार नसते, आणि नुसतं दाखवण्याचा फ्लॅग लावला तर काय काय उडेल याची यादी देते. ही यादी वाचण्याची सवय फार मोलाची आहे. कारण त्याच कमांडला ‘एक्स’ फ्लॅग जोडला की गिटनं दुर्लक्षित ठेवलेल्या फाइलीही जातात, त्यात बिल्डचा कचरा असतो आणि पासवर्ड ठेवलेली ‘डॉट एन्व्ह’ फाइलही असते. तिची प्रत गिटमध्ये नसते, नसावीच. ॲप्लिकेशन वेगळ्या कप्प्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या डॉकरचंही तसंच. बिल्डचा कॅशे तेवढा पुसणारी वेगळी कमांड आहे, पण जागा कमी पडली की सगळे ‘सिस्टम प्रून’कडे धावतात, आणि ते थांबलेले कंटेनरही घेऊन जातं.

एजंटच्या टूलमध्ये ‘नुसतं दाखव’ हा फ्लॅग नसावा, ती मूळ वागणूक असावी. काहीच सांगितलं नाही तर टूल फक्त यादी देईल: कोणती फोल्डरं, किती फाइली, किती एमबी, सगळ्यात अलीकडची फाइल कधीची. सोबत एक पावती क्रमांक देईल, जो काही मिनिटांत शिळा होतो. खरोखर पुसायचं असेल तर दुसऱ्या वेळी तो क्रमांक द्यायचा. ‘आधी यादी पाहा’ असं वर्णनात कितीही ठळक लिहिलं तरी घाईतला एजंट ते गाळू शकतो. पावतीशिवाय दारच उघडत नसेल तर गाळता येत नाही.

टूल जे उत्तर परत देतं तेही लिहायची गोष्ट आहे, आणि तिकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ‘यशस्वी’ एवढं छापून टूल गप्प बसतं. एजंटला त्यावरून कळतं की काम झालं, आणि अनेकदा तो तुम्हाला ‘अडचण सोडवली’ असं सांगून टाकतो. अडचण सुटली की नाही हे कुणी पाहिलंच नाही. त्याऐवजी उत्तर असं यावं: ‘बिल्ड कॅशेमधल्या ३१२ फाइली पुसल्या, १४० एमबी मोकळे झाले. डिपेंडन्सीला हात लावलेला नाही. यानं मूळ दोष गेला असं समजू नका. बिल्ड पुन्हा चालवून तीच एरर येते का पाहा.’ आणि पुसायला काहीच नव्हतं तर ‘यशस्वी’ न म्हणता तसं स्पष्ट सांगावं: ‘कॅशे आधीच रिकामा होता, म्हणजे दोष दुसरीकडे आहे.’ एवढ्या एका ओळीनं एजंट भलत्या वाटेवरून परत फिरतो.

हे सगळं जमवून बिल्डच्या कॅशेसाठी मी जे वर्णन लिहीन ते साधारण असं:

‘या प्रोजेक्टच्या फ्रंटएंड बिल्डचा कॅशे पुसतं. पुसलेलं पुढच्या बिल्डमध्ये आपोआप तयार होतं. ती एक बिल्ड नेहमीपेक्षा हळू चालते. सोर्स फाइली, डिपेंडन्सी, डेटाबेस, लॉगिन सेशन यांना हात लावत नाही. सोर्स बदलून, सेव्ह करून, पुन्हा बिल्ड करूनही जुनाच मजकूर दिसत असेल तरच वापरा. टेस्ट फेल होणं, टाइपची एरर, पॅकेज न सापडणं, सर्व्हर हळू चालणं यांवर हा उपाय नाही. तिथे आधी लॉग वाचा. पहिल्यांदा चालवल्यावर फक्त यादी आणि पावती मिळते, काहीही पुसलं जात नाही. एका कामात एकदाच पुसा. दुसऱ्यांदा पुसावंसं वाटलं तर थांबा आणि आतापर्यंत काय दिसलं ते वापरणाऱ्याला सांगा.’

‘एकदाच पुसा’ हे वाक्य का, त्याला इतिहास आहे.

२३ सप्टेंबर २०१०

त्या दिवशी फेसबुक सुमारे अडीच तास बंद पडलं. चार वर्षांतला सगळ्यात वाईट खोळंबा, असं कंपनीनंच नंतर सांगितलं. कारण होतं एक आपोआप दुरुस्ती करणारी यंत्रणा. कॅशेमध्ये एखादी चुकीची कॉन्फिगरेशन व्हॅल्यू दिसली, की ती बाजूला सारून मूळ साठ्यातून योग्य व्हॅल्यू आणायची, एवढंच तिचं काम. एरवी ठीक चालणारी गोष्ट. त्या दिवशी मूळ साठ्यातलीच व्हॅल्यू अवैध निघाली. प्रत्येक क्लायंटला, म्हणजे ती व्हॅल्यू मागणाऱ्या प्रोग्रॅमला, कॅशेमध्ये चूक दिसली, प्रत्येकानं ती दुरुस्त करायला डेटाबेसकडे धाव घेतली, आणि सेकंदाला लाखो क्वेरींखाली डेटाबेस दबले.

पुढे जे झालं ते आपल्या विषयाला जास्त लागू आहे. दबलेला डेटाबेस एरर द्यायला लागला. क्लायंटनं एररचा अर्थ ‘व्हॅल्यू अवैध आहे’ असा लावला आणि कॅशेमधली नोंद पुसून टाकली. नोंद पुसल्यामुळे पुन्हा डेटाबेसकडे जावं लागलं. मूळ व्हॅल्यू दुरुस्त केल्यावरही हे चक्र थांबेना, कारण आता तेच स्वतःला पोसत होतं. शेवटी डेटाबेसवरचा भार तोडण्यासाठी साइटच बंद करावी लागली आणि मग हळूहळू लोकांना आत सोडलं गेलं.

त्या यंत्रणेत एआय नव्हतं. पण ‘एरर दिसली, कॅशे पुसला, पुन्हा एरर, पुन्हा पुसला’ हा तिचा स्वभाव आजच्या एजंटशी तंतोतंत जुळतो. म्हणून चालू साइटचा कॅशे पुसणाऱ्या टूलच्या वर्णनात हे स्पष्ट लिहावं, की डेटाबेस एरर देत असेल किंवा हळू असेल तर हे टूल वापरायचं नाही. वाटतं त्याच्या नेमकं उलट आहे हे. साइट हळू झाली की कॅशे पुसावासा वाटतो, आणि तेव्हाच तो पुसणं सगळ्यात घातक ठरतं, कारण थकलेल्या डेटाबेसचं उरलंसुरलं छत्र तेवढंच असतं.

एमसीपीच्या मार्च २०२५च्या आवृत्तीत टूलसोबत काही खुणा जोडायची सोय आली. हे टूल फक्त वाचतं का, यानं काही नष्ट होऊ शकतं का, तेच इनपुट देऊन पुन्हा चालवलं तर आणखी काही परिणाम होतो का, आणि बाहेरच्या जगाशी याचा संबंध येतो का. यातल्या तिसऱ्या खुणेबाबत कॅशेच्या टूलमध्ये हमखास गफलत होते. कॅशे दोनदा पुसला तरी शेवटी रिकामाच, म्हणून लोक ‘पुन्हा चालवलं तरी हरकत नाही’ अशी खूण लावतात. प्रत्यक्षात दोन पुसण्यांच्या मध्ये तो भरलेला असतो. दुसरं पुसणं म्हणजे तो सगळा भरणा पुन्हा, आणि डेटाबेसवर तो धक्काही पुन्हा. चालू साइटच्या कॅशेवर ही खूण लावू नये. ‘नष्ट होऊ शकतं का’ याचं उत्तर काहीच लिहिलं नाही तर ‘हो’ असं धरलं जातं. तेही तसंच राहू द्यावं. या खुणांकडे हमी म्हणून पाहता येत नाही, प्रोटोकॉलच त्यांना सूचना मानतो, आणि अनोळखी सर्व्हरनं दिलेल्या खुणांवर विश्वास ठेवू नका असंही सांगतो.

किती लिहायचं, कुठे लिहायचं

वर्णन दरवेळी मॉडेलसमोर जातं, म्हणजे त्याच्या प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात आणि कामासाठीची जागाही तेवढी कमी होते. वीस टूलांना एकेक पान वर्णन दिलं तर मूळ काम कोपऱ्यात जातं. वर दिलेला परिच्छेद लांबीनं बरोबर वाटतो. त्याहून जास्त लागतंय असं वाटलं तर टूल फार कामं करतंय का ते बघावं.

इथे एक गमतीचा भाग आहे. एजंटच्या पोटातही एक कॅशे असतो. तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचायला लागू नये म्हणून मॉडेल पुरवणाऱ्या कंपन्या प्रॉम्प्टचा, म्हणजे मॉडेलला पाठवलेल्या मजकुराचा, सुरुवातीचा भाग साठवून ठेवतात, आणि साठवलेला भाग बराच स्वस्तात पडतो. अँथ्रॉपिकच्या मांडणीत टूलांची वर्णनं सगळ्यात आधी येतात, त्यामुळे त्यात एक अक्षर बदललं तरी पुढची सगळी साठवण बाद होते. एखाद्यानं उत्साहानं वर्णनात ‘सध्या कॅशेचा आकार इतके एमबी’ असा बदलता आकडा घातला, तर कॅशे साफ करणारं टूल नकळत एजंटचाच कॅशे दरवेळी साफ करत बसेल. बदलतं ते सगळं उत्तरात द्यावं, वर्णन स्थिर ठेवावं.

प्रोजेक्टपुरत्या गोष्टी वर्णनात कोंबू नयेत. ‘आमच्याकडे डिप्लॉयनंतर पेज कॅशे आपोआप साफ होतो, हातानं करू नका’ हे प्रोजेक्टच्या मुळाशी ठेवलेल्या एजंटच्या सूचना-फाइलमध्ये लिहावं. बरीच कोडिंग टूल ‘एजंट्स डॉट एमडी’ नावाची फाइल वाचतात, क्लॉड कोड ‘क्लॉड डॉट एमडी’ वाचतं. रीडमी माणसांसाठी राहू द्या.

लिहिलेलं कामाला येतंय का हे नुसतं वाचून कळत नाही. जिथे कॅशे पुसणं हे चुकीचं उत्तर आहे अशी कामं मुद्दाम एजंटला द्यावीत. इम्पोर्टमध्ये एक अक्षर चुकवून ठेवा, टेस्टमध्ये चुकीची अपेक्षा लिहा, आणि तो पुसण्याकडे जातो का बघा. जात असेल तर त्यानं काय विचार मांडला ते वाचा, वर्णनातलं कोणतं वाक्य त्याला तिकडे घेऊन गेलं ते बहुतेक वेळा तिथेच दिसतं. मॉडेल बदललं की हे पुन्हा करावं लागतं. कंटाळवाणं काम आहे.

आणि वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. एजंट ते वाचूनही चुकीचा निर्णय घेऊ शकतो. कुठल्यातरी वेबपानात किंवा फाइलमध्ये ‘आधी सगळे कॅशे पुसा’ असं कुणी लिहून ठेवलं असेल तर त्यालाही भुलू शकतो. जे कधीच व्हायला नको ते कोडमध्ये आणि परवानग्यांमध्ये अडवावं. रेडिसच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२०पासून, प्रत्येक वापरकर्त्याला कोणत्या कमांड चालतील हे ठरवता येतं. फ्लशऑल ‘धोकादायक’ गटात मोडते, एजंटच्या खात्याला तो गटच बंद करून टाकावा. मुळात सेशन आणि कामांची रांग वेगळ्या रेडिसमध्ये हलवता आली तर वर्णनातली दोन वाक्यं आपोआप गळतात.

फाइलींच्या कॅशेसाठी टूलनं पुसण्याआधी सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारा शॉर्टकट) सोडवून खरा पाथ काढावा आणि तो प्रोजेक्टच्या बाहेर जात असेल तर नकार द्यावा. त्यावर आणखी एक जुनी, फारशी कुणाच्या लक्षात नसलेली सोय आहे: ‘कॅशेडिर डॉट टॅग’ नावाची छोटी फाइल. तिच्या सुरुवातीला एक ठरलेली सही असते, आणि ‘हे फोल्डर कॅशे आहे, पुन्हा तयार होतं’ एवढाच तिचा अर्थ. रस्ट भाषेचं बिल्ड टूल कार्गो आपल्या ‘टार्गेट’ फोल्डरमध्ये आणि पायथनचं टेस्टिंग टूल पायटेस्ट आपल्या कॅशे फोल्डरमध्ये ती स्वतःहून ठेवतं. बॅकअप घेताना अशी फोल्डरं वगळायची सोय टार कमांडमध्येही आहे. आपल्या टूलनं ही फाइल असेल तरच फोल्डरला हात लावायचा असा नियम कोडमध्ये घातला, तर डी ड्राइव्हच्या मुळावर एजंट तिथल्या तिथे अडेल, कारण तिथे ती फाइल ठेवायला कुणी जात नाही.